‘चालून जाईन’ चालणार नाही

लकडगंजात ज्या माडीवर आमची बैठक भरायची, तिथे आता प्लायवूडचं गोदाम आहे. परवा कपाटाच्या दारासाठी प्लाय बघायला गेलो, तर मालकानं ओळखलं आणि कौतुकानं वर घेऊन गेला. भिंतीला टेकवलेल्या तक्त्यांच्या मागे आमची पाटी अजून तशीच होती. निळा ऑइलपेंट, ठसठशीत अक्षरं, आमच्या मंडळातल्या धकात्यांनी स्वतः पेंटरच्या मागे उभं राहून लिहून घेतलेली : “इथे ‘चालून जाईन’ चालणार नाही.” मालकानं विचारलं, पुसून टाकू का? मी म्हटलं, भिंत तुमची आहे. प्लाय न बघताच मी घरी आलो.

बाहेरगावच्या वाचकाला हे समजावून सांगायला हवं. पुण्याकडे जिथे ‘चालेल’ म्हणतात तिथे आम्ही नागपूरकर ‘चालून जाईन’ म्हणतो. हिंदीच्या शेजारानं दिलेली ही देणगी. त्यात ‘जाईल’ला ‘जाईन’ म्हणायची आमच्याकडची रीत, त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं की समोरचा पायी निघाला. भाजीत मीठ कमी पडलं, चालून जाईन. चप्पल बोटाला लागते, चालून जाईन. जावई संध्याकाळचा घेतो, पण नोकरी पक्की आहे, चालून जाईन. ‘चालेल’मध्ये थोडा तरी होकार असतो. ‘चालून जाईन’मध्ये नुसती सोसायची तयारी असते. जन्म नागपुरात जाऊनही हा फरक मला कळला नव्हता. तो साताऱ्याहून सून म्हणून आलेल्या कुमुदताई जामदारांनी मला समजावला.

जामदार नागपुरातल्या महाल या जुन्या वस्तीतले. भोसल्यांच्या चाकरीत त्यांचे कोणीतरी पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. कुमुदताई त्या घरात आल्या आणि वर्षभरात कोर्टात मराठी टायपिस्ट म्हणून लागल्या. साक्षीदार बोलणार, साहेब ते नीटनेटकं करून सांगणार, ताई टाइप करणार. निवृत्त झाल्यावर त्यांनी ‘बैठक’ सुरू केली. शेजाऱ्यांची, भावाभावांची, नवराबायकोची भांडणं कोर्टाच्या पायरीपर्यंत जाण्याआधी समोरासमोर बसवून मिटवायची, एवढंच काम. मंडळावर आम्ही पाच जण, सगळे बिनपगारी. मी कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला, म्हणून ताई मला ‘पॉवरहाऊस’ म्हणायच्या. गुलाबराव धकाते विणकराच्या घरातले, स्वतः शाळेत हेडक्लार्क होते. उरलेले दोघं सभ्य होते आणि सह्या करायचे. जागा एका लाकूडवाल्यानं दिली होती. खाली आरा मशीन. सागाचा ओंडका चिरायला घेतला की वरचं भांडण आपोआप थांबायचं. ताई म्हणायच्या, आपला खरा अध्यक्ष तो आराच आहे, मी नुसती नावाला.

ताई ठेंगण्या, काटक, चष्म्याची दोरी गळ्यात. महालातून लकडगंजात रोज पायी यायच्या. मे महिन्यातही. डोक्याला ओला पंचा, त्यावर काळी छत्री आणि पर्समध्ये एक कांदा. ऊन लागू नये म्हणून कांदा जवळ ठेवायची आमच्याकडची जुनी रीत त्यांनी आमच्यापेक्षा जास्त निष्ठेनं पाळली. बैठकीला आलेला माणूस तापलेला दिसला की पर्समधून कांदा काढून त्याच्या हातावर ठेवायच्या आणि जाताना परत मागून घ्यायच्या. मी कितीदा तरी म्हटलं, ताई, माझी स्कूटर आहे, सोडतो. ठरलेलं उत्तर यायचं, “पायी जाते.” ‘चालत’ हा शब्द त्या जिभेवर येऊ द्यायच्या नाहीत. त्यामागे एक किस्सा होता आणि तो त्या प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायच्या.

नोकरीचे पहिले दिवस, तालुक्याचं कुठलंसं कोर्ट. दोन दिरांच्या वाटणीत एका विधवेला मागची अंधारी खोली देऊ केली होती. साहेबांनी विचारलं, बाई, ही खोली चालेल का? ती पदर सावरत म्हणाली, “चालून जाईन.” साताऱ्याच्या कुमुदताईंनी मान खाली घालून टाइप केलं : साक्षीदार पायी जाण्यास तयार आहे. साहेबांनी कागद वाचला आणि खो खो हसले. वकील हसले, पट्टेवाला हसला. मग साहेबांनी दुरुस्ती सांगितली : साक्षीदारास मान्य आहे.

इथपर्यंत ऐकणाराही हसायचा. ताई हसू संपेपर्यंत थांबायच्या आणि मग म्हणायच्या, “माझी चूक हसण्यासारखी होती, म्हणून ती सगळ्यांना दिसली. साहेबांची चूक कुणालाच दिसली नाही. त्या बाईला मान्य कुठे होतं?”

यातूनच त्यांचा नियम निघाला. बैठकीत कुणी ‘चालून जाईन’ म्हटलं की तो होकार धरायचा नाही. बाकीच्यांना जिन्यात घालवायचं, त्या माणसाला पाणी द्यायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं हे त्यांचं खरं हत्यार. मला ते कधीच जमलं नाही. मी दोन मिनिटांत हवापाण्यावर यायचो, की त्या टेबलाखालून पाय मारायच्या.

एकदा जुन्या वस्तीतले दोन शेजारी आले. भांडण कूलरचं. एकाच्या कूलरचं तोंड दुसऱ्याच्या खिडकीकडे. उन्हाळ्यात नागपुरात कूलरवरून जेवढी डोकी फुटतात तेवढी दारूवरून फुटत नसतील. तोडगा सोपा होता, कूलर हातभर सरकवायचा. दोघं तयार. खिडकीवाला म्हणाला, चालून जाईन. आम्ही उठलोच होतो. ताईंनी सगळ्यांना जिन्यात काढलं. मी तेवढा आत राहिलो. बराच वेळ फक्त खालचा आरा बोलत होता. मग तो माणूस आपणहून म्हणाला, “ताई, हवेचं काही नाही. माहा बाप अंथरुणाले खिळून हाय. तो रात्री हाक मारते अन् कूलरच्या आवाजात मले ऐकूच येत नाही.” हे त्यानं शेजाऱ्याला वर्षभरात सांगितलं नव्हतं. शेजाऱ्याला आत बोलावून ताईंनी एवढंच सांगितलं. शेजाऱ्यानं कूलर उचलून मागच्या बाजूला नेला आणि पुढे म्हाताऱ्याच्या तिरडीलाही खांदा दिला.

अशा कामानं नाव होतं. नाव झालं की पाटी लागते. एका वर्धापनदिनाला धकात्यांनी ती निळी पाटी रंगवून घेतली. आम्हाला सगळ्यांना ती फार आवडली. ताईंनाही आवडली, हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे त्यांनी ते स्वतःच पुन्हा पुन्हा सांगितलं. लोक पाटी वाचून हसायचे, मोकळे व्हायचे. धकाते तर लोकांना जिन्यातच पढवून आणायचे. वर गेल्यावर ‘चालून जाईन’ म्हणू नका गा, सरळ ‘हो’ म्हणा, नाहीतर ताई सोडत नाहीत. यात त्यांचा हेतू वाईट नव्हता. लोकांचे हाल वाचावेत, एवढंच. पण त्यामुळे आमच्याकडे माणसं ‘हो’ म्हणायला शिकून येऊ लागली. गप्प बसायची वेळ ताईंवर क्वचित यायची. आम्ही समजलो, काम सुधारलं.

प्रणिताला धकात्यांनीच आणलं. त्यांच्या उमरेडच्या मावसभावाची मुलगी. घरातला माग कधीच मोडीत निघालेला, बाप एका मंगल कार्यालयावर चौकीदार. मुलगी बीकॉम झालेली, खापरखेड्याला दिलेली. नवरा तिथल्या वीज केंद्राची राख उचलणाऱ्या ठेकेदाराकडे सुपरवायझर. लग्नानंतर ती तिथल्या एका दुकानात हिशेबाला जाऊ लागली, सासरच्यांना ते खटकलं, आणि ती चार कपडे घेऊन उमरेडला निघून आली होती. मारहाणीची प्रकरणं आम्ही घेत नसू, ती पोलिसांकडे पाठवत असू. म्हणून ताईंनी पहिल्यांदा तेच विचारलं. मुलीनं मान हलवून नाही म्हटलं. सासू शेजारी बसली होती.

दुपारभर बोलणी झाली. सासू चूल वेगळी करून द्यायला तयार झाली. नवऱ्यानं माफी मागितली, आवाजही चांगला हळवा होता. फक्त वर्षभर नोकरी नको, मग पाहू, असं ठरलं. प्रणिताचा बाप तर डोळे पुसत होता. ताईंनी मुलीकडे वळून विचारलं, “तुला चालेल ना गं?”

ती म्हणाली, “चालून जाईन.”

त्या वेळी खालचा आरा बंद होता, त्यामुळे ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नाही. धकात्यांनी हसून भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. सासू हसली. नवरा हसला. मी हसलो. ताई हसल्या. शेवटी पोरगीही हसली, जीभ चावल्यासारखं केलं आणि म्हणाली, “हो.”

टाळ्यासुद्धा वाजल्या असाव्यात. जिन्यातून उतरताना धकाते तिच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाले आणि ती त्यांच्या पाया पडली.

दिवाळीनंतर प्रणिता गेली. कशी गेली ते मी लिहीत नाही. तिनं स्वतः केलं की कुणी केलं, ते कोर्ट ठरवील. केस अजून चालू आहे.

ताईंनी बातमी ऐकली तेव्हा मी समोर होतो. त्या रडल्या नाहीत. उठून पाटीसमोर गेल्या आणि एखादा परक्या लिपीतला मजकूर वाचावा तशी ती वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, “पॉवरहाऊस, साहेबांनी निदान स्वतः मान्य लिहिलं होतं. मी तिच्याच तोंडून म्हणवून घेतलं.” मी म्हणालो, ताई, तिनं मारहाण नाही म्हणून सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, सासूच्या मांडीला मांडी लावून. 

चार-पाच दिवसांनी पोलिसांनी विचारणा केली. मुलगी सासरी परत कशी गेली, आपल्या संस्थेसमोर काय झालं, ते लेखी कळवा. नवऱ्याचा वकील म्हणत होता की मुलगी पंचांसमोर राजीखुशीनं नांदायला गेली. आमच्या उत्तरावर बरंच अवलंबून होतं. मंडळाच्या सभ्य मेंबरांपैकी एकानं ओळखीच्या वकिलाला विचारून मसुदा आणला. त्यात लिहिलं होतं, विवाहितेनं स्वखुशीनं होकार दिला. ताईंनी तो बाजूला सारला आणि स्वतः तीन वाक्यं सांगितली. ती आधी ‘चालून जाईन’ म्हणाली. मग आम्ही हसलो. मग ती ‘हो’ म्हणाली.

त्या दिवशीची सभा मला विसरता येत नाही. सभ्य मेंबर म्हणाले, हे लिहिलं तर संस्था बंद होईल. ते खरंच होतं. जागावाल्यानं आधीच कुरकुर सुरू केली होती. दुसरे म्हणाले, पहिलं आणि तिसरं वाक्य ठेवा, खोटं काहीच नाही त्यात. ताई ऐकत होत्या. धकाते इतका वेळ भिंतीला टेकून होते. त्यांची दाढी वाढलेली. मला वाटलं ते तरी ताईंच्या बाजूनं बोलतील, पोरगी त्यांच्या नात्यातली. ते पुढे आले आणि हात जोडले.

“ताई, बाकी सर्व लिवा. मी जिन्यात तिले पढवलं तेही लिवा. म्या म्हटलं होतं तिले, ‘हो’ म्हणजो वं. पण ‘हसलो’ काहून लिहून राहिल्या? तिची माय वाचीन ते.”

ताई म्हणाल्या, “गुलाबराव, तेवढंच तर आपण केलं.”

धकाते खाली बसले आणि गुडघ्यात डोकं घालून रडायला लागले. साठी उलटलेला माणूस असा रडताना बघवत नाही. ताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. पुढे कधीतरी मला म्हणाल्या, ठेवायला हवा होता, पण आपला हात कुणाच्या पाठीवर ठेवायच्या लायकीचा राहिला का, तेच त्या वेळी कळेना. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात दुःखी वाक्य.

मतदान झालं. तिघं मसुद्याच्या बाजूनं. मी ताईंच्या बाजूनं हात वर केला, त्यात शौर्य काही नव्हतं, मला दुसरीकडे बघायची सोय नव्हती. मंडळानं आपलं उत्तर पाठवलं. ताईंनी अध्यक्षपद सोडलं आणि पोलिसांना सांगितलं की मला वेगळा जबाब द्यायचा आहे. बैठक त्यानंतर दोन-तीनदाच भरली. ताईंवाचून कुणाला गप्प बसता येत नव्हतं.

जबाबाची तारीख मे महिन्यात आली. मी स्कूटरवर शहरातल्या पोलीस ठाण्याबाहेर थांबलो होतो. ताई आत गेल्या, बराच वेळ होत्या. मला नंतर तिथल्या जमादारानं सांगितलं की बाईंनी फार ताप दिला. लिहिणाऱ्यानं ‘संमती दर्शविली’ असं लिहिलं, ते त्यांनी खोडायला लावलं. मग त्यानं ‘वातावरण खेळीमेळीचं होतं’ असं लिहिलं, तेही खोडायला लावलं. शेवटी जे शब्द म्हटले तेच लिहून घेतले आणि मग सही केली. जन्मभर दुसऱ्यांच्या जबान्या टाइप केलेली बाई, तिला शेवटी स्वतःची जबानी जशीच्या तशी लिहून घ्यायला भांडावं लागलं.

बाहेर व्हरांड्यात बाकावर प्रणिताची आई बसली होती. तिलाही बोलावलं होतं. किडकिडीत बाई, पायात रबरी चप्पल, मांडीवर पिशवी. ताई तिच्याशेजारी जाऊन बसल्या. मी पायऱ्यांखाली स्कूटरपाशीच होतो, सगळं ऐकू येत होतं. आत काय सांगितलं ते ताईंनी तिला सांगितलं, तीनही वाक्यं, मधलंसुद्धा. आई समोरच्या भिंतीकडे बघत होती. ऊन मरणाचं होतं. ताईंनी पर्समधून कांदा काढला आणि तिच्या हातावर ठेवला. उमरेडपर्यंत जायचंय तुम्हाला, म्हणाल्या. आईनं मूठ मिटली नाही, कांदा नुसता तळव्यावर राहू दिला.

मग ताईंनी विचारलं, “मी कधी तुमच्याकडे आले, तर चालेल का?”

आई म्हणाली, “चालून जाईन.”

ताई थांबल्या. आता त्या गप्प बसतील, पाणी मागवतील, पुन्हा विचारतील, असं मला सवयीनं वाटलं. त्यांनी काहीच विचारलं नाही. फक्त मान हलवली. तेवढ्यात आतून पुकारा झाला. आईनं कांदा बाकावर ठेवला, पिशवी उचलली आणि ती आत गेली.

ताईंनी कांदा परत पर्समध्ये टाकला आणि पायऱ्या उतरून माझ्याजवळ आल्या. पंचा खांद्यावर होता, डोक्याला बांधलेला नव्हता. मी स्कूटर स्टँडवरून काढली आणि म्हटलं, ताई, आज तरी बसा, महालापर्यंत सोडतो.

“नको,” त्या म्हणाल्या. “चालून जाईन.”

स्वतःबद्दल हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. मी विचारलं, “ताई, पायी म्हणता ना?”

त्या फाटकातून बाहेर पडल्या आणि रस्त्याच्या उन्हाच्या बाजूनं चालू लागल्या. वळणापर्यंत मी बघत होतो. छत्री हातात होती, पण त्यांनी ती उघडली नाही.